रबराच्या वडाला कोकणात किती जागा द्यावी

रत्नागिरी, चिपळूण, दापोली, कणकवली अशा कोणत्याही गावातल्या नव्या घराच्या फाटकापाशी हल्ली एक कुंडी हमखास दिसते. जाड, चकचकीत, गर्द हिरव्या किंवा काळपट तांबूस पानांचे आणि शेंड्याला लालसर सुरळी असलेले झाड त्या कुंडीत असते. रोपवाटिकेत ते ‘रबर प्लांट’ म्हणून मिळते, काही जण त्याला रबराचा वड म्हणतात आणि वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव फायकस इलास्टिका असे आहे. दोन-तीन वर्षांत कुंडी अपुरी पडू लागते आणि मग घरमालक विचारतात की, आता हे जमिनीत लावले तर चालेल का. या प्रश्नाला नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणे मला पटत नाही, कारण हे झाड आपल्या मूळ जंगलात कसे जगते हे समजून घेतल्याखेरीज त्याला किती जागा, किती पाणी आणि कोणती माती द्यावी हे ठरवता येत नाही.

फायकस या प्रजातीत जगभर ७५०हून अधिक जाती आहेत. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक आणि अंजीर या सगळ्या त्याच प्रजातीच्या जाती आहेत, आणि कुळाचा विचार केला तर आपल्या परसातला फणस आणि नीरफणस हेही रबराच्या वडाचे भाऊबंदच ठरतात. हे नाते ओळखण्यासाठी सूक्ष्मदर्शकाची गरज नाही. फणसाची कोवळी फांदी हातात घेऊन पाहिली, तर शेंड्याची कळी दोन उपपर्णांच्या वेष्टनात गुंडाळलेली दिसते, पान उलगडताना ते वेष्टन गळून पडते आणि त्या जागी फांदीभोवती एक गोल वळे उरते. रबराच्या वडात हेच उपपर्ण चार-पाच इंच लांब आणि तांबडे असते, म्हणून ते लांबून फुलाच्या कळीसारखे भासते आणि पुष्कळ लोक ते फूल आहे असेच समजतात. ते गळून पडले की आतले गुंडाळलेले पान काही दिवसांत उघडते, आणि झाडाच्या खोडावर वळ्यांची जी रांग दिसते तिच्यावरून आजवर किती पाने आली, हे मोजता येते. फांदी मोडली की दोन्ही झाडांतून पांढरा चीक येतो, आणि फणस फोडताना आपण हाताला व विळीला खोबरेल तेल लावतो ती खबरदारी रबराच्या वडाची छाटणी करतानाही तितकीच उपयोगी पडते.

पानाची रचना मात्र मुद्दाम पाहण्याजोगी आहे, कारण लागवडीतले निम्मे निर्णय तिच्यातून निघतात. सामान्य पानाच्या वरच्या बाजूला पेशींचा एकच बाह्य थर असतो, तर रबराच्या वडाच्या पानाला असे अनेक थर असतात आणि त्यांत पाणी साठून राहते. पानाची सगळी रंध्रे खालच्या बाजूला, किंचित खोलगट जागी असतात. वरच्या थरांतल्या काही मोठ्या पेशींमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुन्याच्याच जातीच्या द्रव्याचा, द्राक्षांच्या घडासारखा खडा देठाला लोंबत असतो, आणि महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकलेल्या बहुतेकांनी या पानाचा पातळ छेद घेऊन तो खडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला असतो. प्रयोगवहीत आकृती काढताना एक गोष्ट बहुधा कोणी सांगत नाही, ती अशी की, पाणी साठवणारे, जाड आणि मेणचट पान हे भरपूर पाण्यात जगणाऱ्या झाडाचे लक्षण नव्हे. ज्या झाडाला मधूनमधून पाण्याविना राहावे लागते, त्याचे पान असे घडते.

मग आसाम-मेघालयाच्या ओल्याचिंब डोंगरांतल्या झाडाला पाण्याची टंचाई कशी भासते? त्याचे कारण, ते आपले आयुष्य पुष्कळदा जमिनीवर सुरू करतच नाही. पक्ष्यांनी किंवा इतर प्राण्यांनी टाकलेले बी एखाद्या उंच वृक्षाच्या बेचक्यात, कुजलेल्या पानांच्या मूठभर खतात रुजते, आणि तिथे दोन पावसांमध्ये आठवडाभर ऊन पडले तरी मुळांना ओल उरत नाही. कोकणात ज्याने ताडाच्या किंवा भेरली माडाच्या डोक्यावर वाढलेला वड पाहिला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. वरून मुळे खाली येतात, जमिनीत शिरतात, जाड होतात, जिथे एकमेकांना भेटतात तिथे जुळून एकजीव होतात, आणि शेवटी आधार देणारे झाड त्या जाळीत अडकून राहते. पूर्व हिमालय, ईशान्य भारत, म्यानमार, मलाय द्वीपकल्प, सुमात्रा आणि जावा या पट्ट्यात रबराचा वड असाच वाढतो, आणि पूर्ण वाढ झालेले झाड ३० मीटरहून अधिक उंच होते. फाटकापाशी कुंडीत उभे असलेले झाड हे त्या महावृक्षाचे बालपण आहे, हे लक्षात ठेवले तर पुढच्या बऱ्याच गोष्टी सोप्या होतात.

मुळांच्या या एकजीव होण्याचा उपयोग मेघालयातल्या खासी आणि जैंतिया लोकांनी ज्या रीतीने करून घेतला आहे, त्याविषयी मला अतोनात आदर वाटतो. ओढ्याच्या काठावर रबराचा वड लावायचा, त्याची पारंब्यांसारखी मुळे पोखरलेल्या पोफळीच्या खोडातून किंवा बांबूच्या आधाराने पलीकडच्या काठापर्यंत न्यायची, तिथे ती जमिनीत रुजू द्यायची आणि नव्या मुळांची त्यांच्याशी गुंफण करत राहायचे. असा पूल चालण्याजोगा व्हायला साधारण पंधरा ते तीस वर्षे लागतात, पण नंतर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो आणि वयाबरोबर दुबळा न होता बळकट होत जातो. पोफळीच्या पोखरलेल्या खोडाची पन्हळ करून आगरात पाणी फिरवणे आपल्याकडेही जुनेच आहे, पण ओढ्यावरचा आपला लाकडी साकव पावसात वाहून जातो आणि पुन्हा घालावा लागतो, तर त्यांचा साकव जिवंत असतो. नोंग्रियाट गावातला दुमजली पूल प्रसिद्धच आहे, आणि २०२२ साली हे मूळपूल युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले. एक झाड आपल्या मुळांच्या बळावर माणसांची ये-जा वर्षानुवर्षे पेलू शकते, तेव्हा त्याच मुळांपुढे जांभ्याच्या चिऱ्यांचा आपला गडगा किंवा विहिरीचे बांधकाम किती टिकेल, याचा विचार ते जमिनीत लावण्यापूर्वी केलेला बरा.

या झाडाची शास्त्राला ओळख झाली ती हकीगतही ऐकण्यासारखी आहे. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांना १८१० सालाच्या अखेरीस सिल्हेटहून मॅथ्यू रिचर्ड स्मिथ या गृहस्थांनी मधाने भरलेले एक भांडे पाठवले. ते भांडे म्हणजे वेताच्या पट्ट्यांची विणलेली साधी टोपली होती, तिला तिकडे ‘तुरोंग’ म्हणत, आणि सिल्हेटच्या उत्तरेकडच्या डोंगरांतून मध याच टोपल्यांतून येत असे. वेताच्या टोपलीतून मध गळत कसा नाही, तर तिला आतून एका झाडाचा चीक लावलेला होता. रॉक्सबर्ग यांना मधापेक्षा त्या अस्तराची उत्सुकता अधिक होती, आणि टोपली धुऊन पाहिल्यावर आत रबराचा पातळ, सलग थर निघाला. त्या झाडाला त्यांनी दिलेले नाव पुढे १८१९ साली हॉर्नेमान यांच्या ग्रंथात छापले गेले. डोंगरातल्या लोकांना ही विद्या त्याच्या कितीतरी आधीपासून अवगत होती, आणि शास्त्राने फक्त तिची नोंद केली, हे मला या हकीगतीत महत्त्वाचे वाटते.

पुढे काही दशके या चिकाला मोठी मागणी होती. जंगलातल्या झाडांना ओरबाडून चीक काढल्यामुळे ती मरू लागली, म्हणून आसामात चारद्वार येथे १८७३ साली सरकारी लागवड सुरू झाली. पण हेन्री विकहॅम यांनी १८७६ साली ब्राझीलमधून हेविया या झाडाचे बी इंग्लंडला नेले, ते पुढे आशियात पोहोचले आणि काही वर्षांत सारे चित्र पालटले. हेविया सहा-सात वर्षांत चीक देऊ लागतो आणि नियमित खाचा घेतल्या तरी टिकतो, तर रबराच्या वडाला चीक काढण्याजोगे व्हायला फार काळ लागतो. आज दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबराच्या ज्या बागा दिसतात त्या हेवियाच्या आहेत. त्याचे पान तीन पानांचे मिळून झालेले असते, ते झाड एरंडाच्या कुळातले आहे आणि आपल्या कुंडीतल्या झाडाशी त्याचे नाते फक्त चिकापुरते आहे. बागायतीतून बाहेर पडलेला रबराचा वड मात्र तोवर युरोपातल्या दिवाणखान्यांत जाऊन बसला होता, कारण अंधुक उजेड आणि अनियमित पाणी सोसणाऱ्या मोजक्या उष्णकटिबंधीय झाडांपैकी तो एक आहे.

आता फळाविषयी, कारण कोकणात या झाडाचे स्थान काय असावे हे माझ्या मते फळावरून ठरते. उंबर फोडल्यावर आतून जी केंबरे उडतात, ते या प्रजातीतल्या झाडांचे परागीभवन करणारे कीटक आणि त्यांच्या सोबतीने राहणारे इतर बारीक कीटक असतात. फळ म्हणून आपण जे ओळखतो तो आतून पोकळ असा फुलोरा असतो, फुले त्याच्या आतल्या भिंतीवर असतात, आणि टोकाच्या बारीक छिद्रातून एक इवलीशी मादी गांधीलमाशी आत शिरते तेव्हाच तिच्या अंगावरचे पराग त्या फुलांना मिळतात. जवळजवळ प्रत्येक जातीची गांधीलमाशी वेगळी असते, आणि ही सोबत साडेसात कोटी वर्षांच्या आसपासची आहे असे मानतात. रबराच्या वडाच्या माशीचे नाव प्लॅटिस्कापा क्लाविजेरा असे आहे. ती जिथे नाही तिथे झाडाला पानांच्या बेचक्यात सेंटिमीटरभर लांबीची, पिवळट हिरवी फळे आली तरी त्यांत रुजणारे बी तयार होत नाही. कोकणात या झाडाखाली किंवा आसपासच्या भिंतींवर त्याचे आपोआप उगवलेले रोप माझ्या पाहण्यात कुठेही आलेले नाही, आणि पिंपळ-वडाची रोपे मात्र प्रत्येक जुन्या विहिरीच्या चिऱ्यांत आणि देवळाच्या शिखरावर उगवलेली असतात.

याचे दोन अर्थ निघतात. हे झाड आपल्याकडे तण म्हणून पसरण्याची भीती फारशी नाही, ही एक चांगली बाजू झाली. पण वड, उंबर आणि नांद्रुक फळांवर आले की धनेश, हरियाल, तांबट, बुलबुल आणि वटवाघळे यांची जी झुंबड उडते, तेवढे अन्न रबराचा वड इथे पुरवू शकत नाही. म्हणून रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात किंवा देवराईच्या कडेला सावलीचे मोठे झाड लावायचे असेल, तर मी नांद्रुक किंवा वड सुचवतो, आणि याबाबत माझे मत ठाम आहे. रबराचा वड आपल्याकडे शोभेचे झाड म्हणूनच राहावा. कुंडीत तो उत्तम राहतो, आणि जमिनीत लावायचाच असेल तर घर, विहीर, गडगा, सेप्टिक टँक आणि नळाची वाहिनी या सर्वांपासून निदान पन्नास फूट मोकळी जागा असेल तरच लावावा. चार-पाच गुंठ्यांच्या आवारात अशी जागा सहसा निघत नाही. नारळ-पोफळीच्या आगरातही तो लावू नये, कारण त्याची मुळे पाटाच्या ओलीकडे धावतात आणि दाट सावलीखाली पोफळ खुरटते.

जागा असेल तर मृग नक्षत्र लागल्यावर, जमीन पुरेशी भिजली की लावावे. जांभ्याच्या कातळात खड्डा खणला तर त्याचा हौद होतो आणि आषाढात मुळे पाण्यात उभी राहतात, म्हणून कातळाच्या जागी खड्ड्यापेक्षा माती, शेणखत आणि पालापाचोळा यांचा दीड-दोन फूट उंचवटा करून त्यावर रोप लावणे अधिक चांगले. मेघालयात पाऊस आपल्याहून कितीतरी जास्त असला तरी मार्च-एप्रिलपासूनच वळवाच्या सरी सुरू होतात. आपल्याकडे सारा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि दसऱ्यानंतर जवळजवळ आठ महिने जमीन कोरडी राहते. त्यामुळे पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी आणि बुंध्याभोवती नारळाच्या सोडणांचे आच्छादन एवढे द्यावेच लागते. त्यानंतर झाड आपले आपण पाहते. अगदी किनाऱ्यालगत, जिथे वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात, तिथे पानांच्या कडा करपतात. तिथे सुरू किंवा उंडीच्या आडोशामागे जागा निवडावी.

कुंडीतल्या झाडाला मातीत हवा खेळती राहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. बेचक्यात रुजणाऱ्या झाडाची मुळे चिकट, गच्च मातीत गुदमरतात. तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत, नारळाच्या काथ्याचा धुतलेला भुसा आणि नदीची जाड वाळू हे सारे साधारण समभाग घेतले तर मिश्रण बरोबर जमते. पुळणीची वाळू मात्र कधीही घालू नये, तिच्यातले मीठ मुळांना मारते. पाणी देण्यापूर्वी बोट मातीत पेरभर खुपसून पाहावे आणि कोरडे लागले तरच पाणी घालावे. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली ठेवू नये, कारण पागोळ्यांची सतत धार मातीतले खत धुऊन नेते. ती पडवीत आत घ्यावी किंवा सरळ उघड्यावर विटांवर उचलून ठेवावी, आणि तळाची छिद्रे मोकळी आहेत ना, हे अधूनमधून पाहावे. दर दोन वर्षांनी झाड कुंडीतून काढून बाहेरच्या कडेची मुळे चतुर्थांशापर्यंत छाटावीत आणि ताजी माती भरावी, म्हणजे तीच कुंडी पुष्कळ वर्षे पुरते. उंची रोखण्यासाठी शेंडा खुडला की खालच्या बेचक्यांतले डोळे फुटतात आणि झाड भरगच्च होते. कापलेल्या जागी चीक वाहतो तो ओल्या फडक्याने टिपावा. तो कातडीला लागला तर काहींना खाज सुटते, डोळ्यात गेला तर आग होते आणि कपड्यावर पडलेला डाग निघत नाही.

रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली वाढलेले रोप घरी आणून थेट वैशाखाच्या उन्हात ठेवले, तर पाने भाजतात. आधी सकाळचे ऊन, मग हळूहळू जास्त ऊन असा सराव द्यावा. उन्हाळ्यात रस्त्याची तांबडी धूळ पानांवर बसते ती ओल्या फडक्याने पुसून काढावी, म्हणजे पानाला उजेड पूर्ण मिळतो. घरात ठेवलेले झाड हवा शुद्ध करते असे सांगून हल्ली त्याची विक्री केली जाते. नासाने १९८९ साली काही घरगुती झाडांवर जे प्रयोग केले ते बंदिस्त पेटीत केलेले होते, आणि साध्या खोलीत उघड्या खिडकीइतका परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे ठेवावी लागतील, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दिसून आले. झाड सुंदर आहे, एवढे कारण ते घरात ठेवायला पुरेसे आहे.

वाणांपैकी रुंद पानांचा ‘डेकोरा’ आणि काळपट तांबूस ‘बरगंडी’ हे दोन वाण आपल्या हवेत सर्वांत दणकट आहेत. ‘टिनेके’, ‘रुबी’ किंवा ‘डोशेरी’ यांसारख्या पांढऱ्या-गुलाबी ठिपक्यांच्या वाणांना अधिक उजेड लागतो आणि त्यांची वाढ हळू होते, कारण पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्यच नसते. अशा झाडावर निखळ हिरवी फांदी फुटली तर ती लगेच बुंध्यापासून काढावी, नाहीतर जोमाने वाढून ती बाकीच्या झाडाला मागे टाकते.

रोपे करण्यासाठी गुटी कलम हीच खात्रीची पद्धत आहे. पेन्सिलीहून थोडी जाड, वर्षभराची फांदी निवडावी, पावसाच्या सुरुवातीला तिच्यावर इंचभर रुंदीची साल गोलाकार काढावी, आतला बुळबुळीत थर खरवडावा आणि चीक थांबेपर्यंत पुसत राहावे. मग मुळे फुटण्याची पावडर लावून ओले शेवाळ बांधावे आणि वरून प्लॅस्टिकचा कागद दोन्ही टोकांना घट्ट आवळावा. या दिवसांत आपल्या हवेत इतकी आर्द्रता असते की दीड-दोन महिन्यांत कागदातून पांढरी मुळे दिसू लागतात, आणि ती तपकिरी होऊ लागली की फांदी गुटीच्या खाली कापून कुंडीत लावावी. साध्या छाटानेही रोप होते, पण त्या छाटावर एक तरी डोळा असावा लागतो. देठासकट नुसते पान मातीत खोचले तर त्याला मुळे फुटतात, ते महिनोन्‌महिने हिरवे राहते, पण डोळा नसल्यामुळे त्यातून फांदी कधीच येत नाही.

किडींचा त्रास फार नाही. कोरड्या दिवसांत पानाच्या मागे, मधल्या शिरेलगत खवले कीड आणि पिठ्या ढेकूण बसतात, आणि त्यांनी सोडलेल्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या येतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की पाने उलटून पाहावीत. सुरुवातीला ओल्या कापडाने पुसले तरी भागते, आणि कीड जास्त असेल तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे, आठवड्याने पुन्हा फवारावे. श्रावणात सतत भिजणाऱ्या पानांवर करड्या कडांचे तपकिरी ठिपके पडतात, तेव्हा ती पाने काढून जाळावीत आणि कुंड्यांमध्ये हात-दीड हात अंतर ठेवावे, म्हणजे वारा खेळतो आणि ठिपके नव्या पानांपर्यंत पोहोचत नाहीत.